आप्पांचा एकच फोटो

शनिवार, संध्याकाळ

आज फोटोग्राफीच्या वर्गात आप्पांवर उगाच चिडलो. घरातल्या एका माणसाचे पन्नास फोटो काढून आणायला मी विद्यार्थ्यांना सांगितले होते. कॉलेजच्या मुलांनी आणले, आप्पांनी एकच. या वयात शिकायला शिरोळहून येतात. सगळी हयात माणसं समोर बसवून त्यांची चित्रं काढण्यात गेली. तरी मी सगळ्यांदेखत बोललो, "आप्पा, डिजिटल कॅमेऱ्यात रोल संपत न्हाय ओ. चिक्कार काढायचे की."

ते शांतपणे म्हणाले, "बसवल्या बसवल्या माणूस खरा दिसतोय व्हय? तासभर बसलो की हिच्यासमोर, कॅमेरा मांडीवर घेऊन. मग काढला."

फोटोत काकू, आप्पांच्या पत्नी, मेथी निवडता निवडता मान वर करून आप्पांकडे बघतायत. कॅमेरा आहे हे त्यांच्या गावीही नाही. मुलं फोटोभोवती गोळा झाली. मी पुढच्या मुलाचे फोटो बघायला घेतले. तिथंच चूक कबूल करायला काय झालं होतं मला?

लग्नापासून मंदाचे किती फोटो काढले असतील. एकातही ती अशी बघत नाही.

घरी येऊन कॅमेरा मांडीवर घेतला आणि तिच्यासमोर बसलो. थोड्या वेळानं तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर न्हाय. मग असं काय बघताय?"

तेव्हा ती अगदी तशीच बघत होती. कॅमेरा मांडीवरच राहिला.