उशिरा आलेला षड्ज

देऊळघाट, रविवार

प्रिय मयुरी,

तुझ्या सिनेमातला तो तुकडा मोबाइलवर ऐकणं म्हणजे गाण्याचा अपमान, म्हणून दुकानातले दोन स्पीकर, मी स्वतः दुरुस्त केलेले, घरी आणून टीव्हीला जोडले. तेव्हापासून अंगावरचा काटा काही खाली बसलेला नाही.

आधी मी खोट काढायलाच बसलो होतो, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. स्टँडवर सावल्या लांबल्यात, दिवे अजून लागलेले नाहीत. म्हणजे मारवा रागाची वेळ तंतोतंत. लेकीची बस वळणाआड जाते. आई तिथेच उभी, हातात लेक विसरून गेलेला डबा. कुणी बोलत नाही, नुसता आलाप. कोमल रिषभ, धैवत, पुन्हा रिषभ. गवई षड्जाभोवती, त्या घरच्या सा भोवती, फिरतो, पण घरात पाऊल ठेवत नाही. मी कुणा गुरूकडे शिकलो नाही, रेडिओला कान लावून कमावलं. तरी मारव्यात सा ची वाट पाहायला लावतात, हे मला पक्कं माहीत आहे. माहीत असूनही मी खुर्चीच्या टोकाशी आलो. मग ती बाई बाकावर बसते, डबा उघडते, पहिला घास घेते, आणि तिथे सा लागतो! पोरी, इतकी वर्षं मारवा ऐकतोय, त्यात भूक असते हे मला आज कळलं.

तुमचे निर्माते म्हणतात, आलाप लोकांना कळणार नाही, काढा, व्हायोलिनं भरा. महिनाअखेर तुला उत्तर द्यायचं आहे आणि तू माझं मत विचारलंस. माझं राहू दे. मी ऐकत होतो तेव्हा माझ्या मागे तुझी आई मेथी निवडत बसली होती. ठरलेलं लग्न मोडून तू मुंबईला गेलीस, तेव्हापासून तुझं नाव न घेणारी. माझा गवई लागला की, "काऊन रडून राह्यला हा? पानी द्या त्याले," म्हणणारी. सिनेमा कुणाचा, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. डबा दिसला आणि मेथी खुडण्याचा आवाज थांबला. सा लागला तेव्हा तिनं रोखलेला श्वास सोडला, नेमका त्याच जागी. तिला सा कुठला नि रे कुठला, काही कळत नाही गं!

मग म्हणाली, "मयुरीचं हाय नं हे? तिचा डबा राह्यला व्हता माह्या हातात." तू गेलीस त्या दिवशी मी दुकानात होतो, डब्याचं मला आजवर ठाऊक नव्हतं. फोन लावू का विचारलं, तर, "नको, मले बोलता नाई येनार. तुमी लिहा, अन् वाचून दाखवा." म्हणून हे पत्र. ती शेजारीच बसली आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो, माझी एकही दुरुस्ती नाही: "म्या तो डबा तवा खाल्ला नव्हता, घरी आनून गाईले टाकला. आज पोरीनं मले जेवू घातलं. ते गानं काढू नको म्हना तिले."

तुझाच,
बाबा