हजार वर्षांपूर्वीचा ठोसा

९ फेब्रुवारी

ही वही आणून महिना झाला. पहिल्या पानावर नाव घातलं आणि नावाखाली काय लिहावं ते सुचेना. मग पेन हरवलं. पेन सापडलं तर वही सापडेना. आज दोन्ही एकदम हाताशी आली, म्हणून लिहितोय. यापुढे रोज.

मी कोण हे मला माहीत आहे, पण पुढे प्रसिद्ध झालो तर लोकांची सोय म्हणून लिहून ठेवतो. मी दादाचा मावसभाऊ. दोन दिवसांसाठी आलो होतो, थंडीच्या आधी. दादाची बॉक्सिंगची जिम आहे. खाली रिंग, मागे घर, वर माळा. माळ्यावर जुने ग्लोव्ह्ज आणि मी. यायला-जायला एक शिडी, हवेला एक खिडकी.

काल जिममध्ये बैल आला होता. दादाचाच चेला, आता रस्त्यापलीकडे त्याची स्वतःची जिम. सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, तुमचं वय झालं, आता खुर्ची टाकून शिकवा. दादाने बादलीला लाथ मारली. म्हणाला, मार्चमध्ये ये माझ्या रिंगमध्ये. हरलो तर हे शटर ओढीन ते परत उघडणार नाही. वहिनी तव्यापाशी होती. अंडं काळं होईपर्यंत नुसती बघत राहिली.

जिम बंद म्हणजे माळा बंद. मला लक्ष घालणं भाग आहे.

१० फेब्रुवारी

रोज लिहायचं म्हटलं ते पाळतोय. नोंद घ्यावी.

दादाकडे त्याच्या उस्तादांचं एक पुस्तक आहे. इंग्रजी, जाडजूड. इंग्रज कसे कसे मारामाऱ्या करत आले ते त्यांच्याच शब्दांत, आणि उलट क्रमाने. पहिलं प्रकरण शंभर वर्षांपूर्वीचं, मग मागे मागे, शेवटचं पाचवं हजार वर्षांपूर्वीचं. उस्ताद म्हणायचे, शेवटच्या प्रकरणात असा ठोसा आहे की जो अडवेल असा माणूस जन्मलेला नाही. उस्तादांना इंग्रजी येत नव्हतं. दादालाही येत नाही.

मी म्हटलं, आणा इकडे. इंग्रजी ती इंग्रजी. चार महिने मी कॉल सेंटरला होतो. गिऱ्हाइकं कंपनीवर भडकायची, माझ्या इंग्रजीवर फारशी नाही.

दादाने मला मिठी मारली. खांदा अजून ठणकतोय.

१३ फेब्रुवारी

मधले दोन दिवस बोटीवर नोकरी मिळते का ते बघत होतो. मिळत नाही.

पहिलं प्रकरण चहा निवायच्या आत वाचून झालं. शंभर वर्षांपूर्वीचे लोक आपल्यासारखंच लिहितात, फक्त जरा कॉलरचं बटण लावून. बरगडीच्या खाली, आतल्या बाजूला, असं स्वच्छ लिहिलंय. दादाने तसाच मारला. समोर हातोडा होता; गोदामात पोती उचलतो, सरावाला दादासमोर तोच उभा राहतो. हातोडा आधी गुडघ्यावर आला, मग सकाळचं सगळं बाहेर आलं. तोंड पुसत मला म्हणाला, चांगलं पुस्तक आहे रे.

दादा दिवसभर शिट्टी वाजवत होता.

१९ फेब्रुवारी

दुसरं प्रकरण. अडीचशे वर्षांपूर्वीचं. अक्षरांनी वेष पालटलाय आणि एकेक वाक्य पानभर चालतं. मी युक्ती काढली: वाक्याचं तोंड वाचायचं, शेपूट वाचायचं, मधलं पोट सोडून द्यायचं. केस धरून मारायचं असं काहीसं आहे. हातोड्याला केस नाहीत. मी म्हटलं, मग कान.

कानाला टाके पडले. वहिनी इस्पितळात ड्रेसिंगचं काम करते, तिनेच घातले. दोरा ओढता ओढता मला विचारलं, भावजी, पुस्तकात कान आहे का? मी म्हटलं, आहे असं धरून चालायचं असतं. ती म्हणाली, तुम्ही धरून चाला, सुई मी धरते.

वहिनीचा विद्येवर विश्वास नाही.

२६ फेब्रुवारी

तिसरं, चारशे वर्षांपूर्वीचं. काठीची लढाई. शब्द बघितले की वाटतं कुठेतरी भेटलोय. लग्नात एखादा काका पाठ थोपटतो आणि आपण बापडे नुसते हसतो, तसं. अर्धं कळलं. अर्धं कळलं की उरलेलं आपोआप कळतं असा माझा सिद्धांत आहे. उरलेल्यात मी सिनेमातली एक मारामारी घातली.

हातोड्याने उलटी काठी हाणली. दादाची बरगडी गेली. दादा म्हणाला, बारीक चीर आहे. आवाज मात्र बारीक नव्हता, माळ्यावर ऐकू आला.

मी माळ्यावरूनच शिकवतो. वरून एकूण चित्र दिसतं.

४ मार्च

आज मोठा शोध लागला. चौथं प्रकरण सहाशे वर्षांपूर्वीचं, तलवारीचं. बघायला गेलं तर डोळे पांढरे होतात. आठवडाभर उघडलंच नाही. पतंगाचा मांजा कसा करतात ते शिकत होतो. मग आज रागारागाने मोठ्याने वाचलं, शिव्या दिल्यासारखं, एकेक अक्षर उच्चारून. आणि ते उलगडायला लागलं! डोळ्यांना अनोळखी असलेलं कानाला कळत होतं. दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. सहाशे वर्षांपूर्वीचा कुणी माणूस माझ्याशी बोलत होता आणि मला समजत होतं. असं मला शाळेत कधी झालं नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पण काय बोलत होता? तर म्हणे, समोरचा रागावून आला की एक पाऊल मागे जा. त्याचा वार हवेत जाऊ दे. मग मार. एवढंच. पानभर तेच.

हे दादाला कसं सांगणार? शटर पणाला लावलेल्या माणसाला मागे जा म्हणायचं? शिवाय सहाशे वर्षं थांबून एवढंच निघालं म्हटल्यावर माझी काय किंमत राहील? दादाला सांगितलं, चौथ्यात लिहिलंय की आंधळ्यासारखं पुढे घुसायचं. दादा म्हणाला, मला वाटलंच होतं.

हातोड्याचं नाक फुटलं. पांढरी बनियन लाल झाली. वहिनीने कापसाचा मोठा बोळा मागवला.

१२ मार्च

पाचवं. हजार वर्षांपूर्वीचं. मोठ्याने वाचलं, हळू वाचलं, उलटं धरून वाचलं. ही इंग्रजी नाहीच. कुणीतरी तोंडात खडे भरून रागावलंय. अख्ख्या पानावर ओळखीचे शब्द चार: हात, तो, खाली, आणि 'आणि'.

दादाने तीनदा विचारलं, कळतंय ना? मी म्हटलं, फार खोल आहे, बाहेर काढतोय.

वहिनी शिडीखालून म्हणाली, भावजी, येत नसेल तर नाही म्हणा, जग बुडत नाही. मी तिला सांगितलं की असं मन खच्ची करणाऱ्यांमुळेच विद्या मागे पडते.

१५ मार्च

उलगडलं! चार शब्द पुरेसे आहेत. तो, हात, खाली. म्हणजे दोन्ही हात खाली सोडायचे, मान वाकवायची, समोरच्याच्या काखेखालून घुसायचं आणि खालून वर ठोसा. 'आणि' या शब्दाने वेग दाखवलाय.

दादाने करून बघितलं. हात सोडून उभा राहिला. हातोड्याने लगेच आपलेही हात खाली घेतले आणि विचारलं, दादा, बरं वाटत नाहीये का? त्याच क्षणी दादाचा ठोसा हनुवटीखाली बसला. हातोडा दोरावरून मागे, बादलीवर, बादलीसकट भिंतीवर. बराच वेळ उठला नाही. वहिनीने पापण्या उचलून टॉर्च मारला.

सिद्ध झालं. अडवेल असा माणूस जन्मलेला नाही.

हातोड्याने सराव सोडला. कृतघ्न.

२२ मार्च

लढत झाली. लिहायला आज बसलो, कारण काल हात पांघरुणाबाहेर काढलाच नाही. थंडीने.

जिम खच्चून भरलेली. कोपऱ्यावरचा खाटीक पंच. घंटा वाजली. दादाने वर माळ्याकडे बघितलं, मी मान हलवली. दादाने दोन्ही हात खाली सोडले. बैल थबकला. दादा वाकला, ओरडला आणि घुसला.

बैल एक पाऊल मागे गेला.

फक्त एक. दादाचा ठोसा हवेत गेला, त्यापाठोपाठ दादा. मग बैलाचा उजवा हात खालून आला. ओला लाकडी आवाज झाला. रक्ताची पिचकारी खाटकाच्या शर्टावर. दादा तोंडावर पडला, उठला, परत हात खाली सोडले. बैल ओरडत होता, दादा, हात वर घ्या! अहो, हात वर घ्या! दादा परत घुसला. परत तोच आवाज.

बैलानेच दादाला धरून खाली बसवलं. वहिनीला बादलीत एक दात मिळाला, दुसरा हातोड्याच्या चपलेखाली.

बैलाने चौथं प्रकरण कुठे वाचलं हा खरा प्रश्न आहे. माझा संशय छपाईवर आहे. प्रकरणांचा क्रम चुकला असणार.

२५ मार्च

दादाचा जबडा तारांनी बांधलाय. नळीने दूध. शटर काल त्याने स्वतः ओढलं, मला ग्रीस लावायला सांगितलं होतं. खाली अंधार, ग्लोव्ह्ज तसेच टांगलेले.

मी समाचाराला गेलो तर दादाने पाटी घेऊन लिहिलं: माझंच चुकलं. मी पुरेसा वाकलो नाही. तू रात्रंदिवस डोळे फोडलेस.

मी मोठ्या मनाने म्हटलं, होतं असं कधीकधी.

वहिनीने पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या ताटातलं अंडं उचलून मांजराला घातलं.

२७ मार्च, संध्याकाळ

नवा संकल्प: लॅटिन. इंग्रजीच्याही आधीची भाषा म्हणजे तिथे काहीतरी असणारच. कालच सुरू करणार होतो.

शटरचा आवाज झाला. कुणीतरी बाहेरून वर केलं. ग्रीस चांगलं लागलंय.

वहिनीने शिडीखालून हाक मारली. भावजी, बैल आलाय, असं म्हणाली. दादाच्या पाया पडून मुलासारखा रडला म्हणे. म्हणतो, शटर मी उघडणार, रोज सकाळी माझी पोरं इथेच आणणार, दादा खुर्चीवर बसून शिट्टी वाजवतील. दादाने पाटीवर 'बरं' लिहिलं. त्याची अट मात्र एकच आहे, वहिनी म्हणाली. म्हणतो, ज्याने माझ्या दादांना हात खाली सोडायला शिकवलं, त्याला फक्त पाच मिनिटं भेटायचंय. मी त्याला सांगितलं, भावजी वरच आहेत, असंही वहिनी म्हणाली.

विद्येची कदर उशिरा होते, पण होते. त्यालाही वाचून हवं असेल.

त्याच्यामागे हातोडाही आलाय. ग्लोव्ह्ज न घालता. शिडी करकरतेय, दोघांचं वजन आहे.

चौथ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय, आणि ते मला खरोखर कळलंय: समोरचा रागावून आला की एक पाऊल मागे.

मागे खिडकी