बेडकीच्या पोटातला जोर

आदरणीय दाजींच्या नव्या गुडघ्यास, आणि गुडघ्यामागोमाग खुद्द दाजींस, धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

विनंती विशेष. इकडे सगळे खुशाल आहेत (सगळ्यांत तुमची गाडी धरलेली नाही, तिचं पुढे येईल). गुडघा कितपत वाकतो? भाची फोनवर म्हणाली की डॉक्टरांच्या आधी तुम्ही स्वतःच स्वतःला बरं जाहीर केलंत आणि घरी निघायचा हट्ट धरलात. दाजी, एवढी घाई करू नका. लेकीच्या घरी आयता चहा मिळतो, खिडकीतून रस्ता दिसतो, व्यायाम चुकवला तर डोळे वटारायला ताई आहे. माणसाला आणखी काय लागतं? हे पत्र तुमच्या हाती येईपर्यंत ताईने ते फोडून वाचलेलं असेलच (तुमच्या नावाचं विजेचं बिलसुद्धा आधी ती वाचते), तेव्हा तिचीही तब्येत उत्तम आहे असं धरून चालतो.

जाताना तुम्ही बेडकीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत, तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. (पोस्टमनने मध्येच वाचलं तर त्याचा घोटाळा नको म्हणून खुलासा: बेडकी म्हणजे तुमची चार जाड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची एटीव्ही.) लेकीला सासरी पाठवताना तुम्ही इतके गहिवरला नव्हतात. टेकडीवरच्या रोपांना दिवसाआड पाणी घाल म्हणालात, आणि सीटवर हात फिरवत पुढे म्हणालात, "सांभाळून ने रे. आम्ही दोघंही आता चढाच्या कामाचे राहिलो नाही." ते ऐकून मला कसंतरीच झालं. ऊन असं पडलंय की पाणी चुकलं तर परत आल्यावर तुम्हाला नुसत्या काटक्या दिसतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून पुढे जे काही घडलं ते सगळं सद्हेतूने घडलं, एवढं लक्षात ठेवून वाचा.

पहिल्याच खेपेला, मागे पाण्याची टाकी जोडलेली, बेडकी अर्ध्या चढावर त्या वळणापाशी बसली (तेच वळण, जिथे तीन वर्षांपूर्वी तुम्ही गाडीसकट उलथला होतात). आधी खोकली, मग थरथरली, मग मागे घरंगळायला लागली. मी ब्रेक आवळून बसलो. उतरावं तर गाडी जाते, बसून राहावं तर गाडीबरोबर मी जातो. शेवटी हात लांबवून टाकीचा नळ सोडला. सगळं पाणी चढावरच्या धोंड्यांना मिळालं. धोंडे टवटवीत आहेत.

तेव्हा मी नाक्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याला सगळे सर्जन म्हणतात (रबरी हातमोजे घालतो आणि गाडीला पेशंट म्हणतो, याखेरीज दुसरं कारण नाही). त्याने बेडकीला कान लावला आणि निदान केलं की हिला लो-एंड टॉर्क नाही. मी समजल्यासारखा चेहरा केला. त्याला माझी दया आली. म्हणाला, वेग वेगळा आणि जोर वेगळा. गाडी हळू चालत असताना, फार न ओरडता, इंजिन चाकाला जो रेटा देतं तो खालचा जोर, आणि चढाला तोच लागतो. हे मला लगेच पटलं. तुमच्या सलजेकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, तो भरपूर आहे. आवाज न चढवता ती मला कुठूनही उठवते.

तुम्हाला विचारून मगच इंजिन उघडणार होतो, पण त्या दिवशी तुम्ही भुलीखाली होतात. असं तुमचं आणि बेडकीचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. शुद्धीवर तुम्ही आधी आलात. सर्जनने मोठा सिलिंडर बसवला, त्यात मोठा पिस्टन घातला, कॅमशाफ्ट बदलला आणि मला किल्ली देताना नातेवाइकाला देतात तसा धीर दिला. बेडकी मोठ्या दिमाखात निघाली आणि त्याच वळणावर बसली. बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही, हे आपल्या पूर्वजांनी उगाच सांगितलेलं नाही.

मग सर्जनने क्लचच्या स्प्रिंगा कडक घातल्या. त्यानंतर बेडकी आधी थोडा वेळ विचार करायला लागली आणि मग एकदम उडी मारायला लागली. पहिली उडी आमच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीतून गेली. ताईच्या दोन चादरी आणि माझा पायजमा हँडलला गुंडाळून मी मुख्य रस्त्यावरून गेलो, लोकांनी वरात समजून वाट दिली. चढावर परत तेच. तिसऱ्यांदा त्याने मागच्या चाकांचं दातेरी चक्र बदलून मोठं घातलं. आता बेडकी चढायला लागली, पण इतक्या सावकाश की काठी टेकत फिरायला निघालेले हेडमास्तर आम्हाला ओलांडून गेले, तुमच्या गुडघ्याची चौकशी करून गेले, आणि टेकडीवरून परतताना जवळपास तिथेच पुन्हा भेटले. वळण आलं तशी बसलीच.

एव्हाना रोपांच्या माना पडल्या होत्या. तुमची सलज आणि मी हातात कॅन घेऊन पायी वर गेलो. दोन कॅनने कुणाचं काय भागणार? तिथे उभा राहिलो आणि खरं सांगतो दाजी, मला रडू आलं. त्या दुखऱ्या गुडघ्यावर बसून, कण्हत, एकेक खड्डा तुम्ही घेतलेला मी पाहिलाय.

परवा मात्र एक किरकोळ उपाय केला आणि बेडकी भरली टाकी घेऊन थेट वर गेली, वळणावर तिने साधा श्वासही घेतला नाही. कोणता उपाय ते सविस्तर लिहिण्यासारखं नाही; सर्जनच्या हाताला यश आलं असं समजा. रोपांनी माना वर केल्या आहेत. तुम्हीही पाय वर करून निवांत पडा.

आपला, धोंड्यांना पाणी घालणारा मेहुणा.

ता. क. जुना पिस्टन धुऊन ठेवला आहे. भाचीला टेबलावर कागदांवर ठेवायला हवा असल्यास कळवा.

आणखी एक ता. क., वेगळ्या कागदावर.

ताई, हा कागद काढून घे आणि मगच बाकीचं पत्र दाजींना दे. अंगठ्याने दाबायच्या ॲक्सिलरेटरपाशी एक इवलासा स्क्रू असतो. पोराटोरांच्या हाती गाडी द्यायची असली की तो आत पिळतात, म्हणजे अंगठा अर्ध्यापुढे जातच नाही. बेडकीचा स्क्रू पार आत होता आणि त्यावर लाल ठिपका होता. सर्जनने ते कंपनीचं सील समजून त्याला बोट लावलं नाही. हँडलमध्ये अडकलेले चादरीचे धागे काढताना तुझ्या भावजयीला तो दिसला. म्हणाली, ही तर ताईंची नेलपॉलिश, लेकीच्या लग्नात लावलेली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते आम्ही असं दिलं.

मी रागावलेलो नाही. त्या वळणावर दाजी गाडीखाली होते आणि लोक येईपर्यंत तू त्यांचा हात धरून बसली होतीस, ते मी विसरलेलो नाही. पण ताई, तीन वर्षं तो माणूस समजतोय की गाडी म्हातारी झाली आणि आपणही झालो. ते मला फार लागलं. स्क्रू मी अर्धाच सैल केलाय. त्या मोठ्या चक्रामुळे बेडकी पळायची विसरली आहे, चढते मात्र झकास, तेव्हा तू घाबरू नकोस. दाजी येतील, अंगठा दाबतील, आणि नव्या गुडघ्याबरोबर गाडीलाही हुरूप आला असं त्यांना वाटेल. तेवढं वाटू दे.

ठिपका मात्र पुसला गेलाय. येताना ती बाटली आठवणीने आण, नाहीतर उरलेला अर्धा ते स्वतःच सैल करतील.