निळ्या दाराचा शिंपी

राजमान्य राजश्री टेलर मास्तर,

लहानपणापासूनच्या मित्राचा नमस्कार. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. आता तरी टेपवरचे आकडे दिसत असतील, असं धरून चालतो. माझ्या मुलाच्या लग्नाला तू रुसून आला नाहीस, कारण तू शिवलेली पँट मला आखूड होते एवढंच मी म्हणालो होतो. (अजून होते.) असो. इकडे सगळे खुशाल. नातू दूध पितो, झोपतो आणि मध्येच डोळे उघडून माझ्याकडे असा बघतो, की जणू मी बिनतिकीट चढलोय. बसमध्ये तिकिटं तपासताना सगळी नोकरी मी लोकांकडे तसंच बघत आलो, त्यामुळे तक्रार कुणाकडे करू?

पत्राला कारण बाळाचं नाव. सूनबाईने त्याला चक्क एका गावाचं नाव द्यायचं ठरवलं. (कुठलं ते लिहीत नाही. ती सगळ्यांना एकदमच सांगणार आहे, आधी फुटलं तर माझी धडगत नाही.) ऐकून मी उडालोच. उद्या शाळेत हजेरी घेताना बाई विचारायच्या, पुढची गाडी किती वाजता? बरं, गाव नावाजलेलं म्हणावं, तर तेही नाही. आयुष्य रस्त्यावर काढूनही मी ते कधी पाहिलं नव्हतं. तिला ते सापडलं आमच्याच भिंतीवर. खोलीत ओल आली होती म्हणून मी आगारातला मार्गांचा जुना नकाशा तिच्या पलंगासमोर चिकटवला होता. आधीची दोन बाळं राहिली नाहीत, म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला पाठ टेकून पडून राहायला सांगितलं होतं. पोरगी महिनोन्महिने तशीच पडून राहिली. समोर तो नकाशा, आणि त्यात एका कोपऱ्यात, रेघ संपते तिथे, हा ठिपका.

"बाबा, मी रोज तिथे फिरायला जायचे," ती म्हणाली. "वळणावर निळ्या दाराचं शिंप्याचं दुकान आहे. फार भीती वाटली की मी त्याच्या पायरीवर जायचे. तो मशीन थांबवायचा नाही, नुसतं 'बस' म्हणायचा." शेजारच्या गल्लीतलं सांगावं तसं तिने हे सांगितलं. माझा मुलगा छताकडे बघत राहिला.

मी पडलो चेकर. म्हटलं, नाव ठेवा, पण आधी मी गाव तपासून येतो. तिथे कचरा डेपो निघाला तर पोराने जन्मभर उत्तरं देत बसायचं का? (खरं म्हणजे गावाला नापास करायलाच निघालो होतो.) सूनबाईचा चेहरा असा उजळला की बघवेना. म्हणाली, शिंप्याला माझा नमस्कार सांगा.

दोन बस बदलून, पुढे दुधाच्या टेम्पोत कॅनांमध्ये अंग चोरून पोचलो. बघतो तर रस्ताच संपलेला. चार घरं, एक चहाचं दुकान, आणि निळं म्हणाल तर फक्त आभाळ. शिंप्याची चौकशी केली तर चहावाला म्हणाला, "इथे फाटलं तर तसंच घालतात." झालं, नापास. मग त्याने येण्याचं कारण विचारलं. मी सांगितलं, तर म्हणतो, "आमच्या गावाचं नाव? का हो, पोराने काय केलं?" मग मात्र मी त्याला सूनबाईचं सगळंच सांगितलं. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्याच पायरीवर बसत असणार. दुसरी पायरी आहे कुठे इथे?"

मी त्या पायरीवर बसलो. समोर नुसतं माळरान, आणि वारा. मास्तर, विचार कर. या एवढ्या रिकाम्या जागेत एका पोरीने पाठ न उचलता दार बसवलं, त्याला रंग दिला, आत एक माणूस बसवला आणि त्याच्या भरवशावर एक जीव जगात आणला. मी आयुष्यभर माणसं खरं बोलतात की खोटं, एवढंच बघत आलो. माणसाला हेही करता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. चहा गार झाला तरी मला उठवेना.

घरी आलो तर ती बाळाला मांडीवर घेऊन दाराकडेच बघत होती. "आहे ना हो?" एवढंच विचारलं. म्हटलं, आहे. दार निळंच आहे, शिंप्याने नमस्कार सांगितलाय. (आयुष्यभर लोकांच्या थापा पकडल्या, पण ही माझी पहिलीच, आणि कुणाला पकडता आली नाही.) नाव पक्कं झालं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
तोच, आखूड पँटवाला

ता. क. सूनबाई येत्या रविवारी बाळाला घेऊन त्या गावी जाणार आहे. शिंप्याला बाळ दाखवायचंय म्हणते.

ता. क. (दुसरा) चहावाल्याशी बोलणं झालंय. दार निळं करायला त्याची हरकत नाही, फक्त आतूनही रंगवून द्या म्हणतो. रंग मी आणलाय. तू लग्नाला आला नाहीस ते बरंच झालं, तिने तुझं तोंड पाहिलेलं नाही. शनिवारीच मशीन घेऊन निघ. पँटचा विषय मी आयुष्यात पुन्हा काढणार नाही. तिथे फार बोलायचं नाही. ती पायरीवर आली की मशीन थांबवू नकोस, मान वर करू नकोस, नुसतं "बस" म्हण.