मेंढ्यांच्या कागदावरचं दुसरं नाव

१२ एप्रिल
वही घेऊन तीन आठवडे झाले, आज पहिली ओळ. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर वही व्हॅनच्या सीटखाली गेली. खरं कारण आळस!

सफरचंदांची तोडणी संपली. एरवी मी एव्हाना व्हॅन घेऊन पुढच्या गावाला निघाले असते. पण बागेचा मालक म्हणाला, "मागच्या बागेतलं गवत आवरशील तर राहा इथेच, भाडं नको." गवत कापायच्या यंत्रानं कान किटतात. मेंढ्या हव्यात. साध्या मेंढ्या फांद्या ओरबाडतात, म्हणून बुटक्या – गुडघ्याच्या थोड्या वर, तोंडावर लोकर, कायम हसल्यासारख्या. नदीपलीकडे डॉरिनबाई पाळतात. सगळ्या मिळून चौदा.

१५ एप्रिल
डॉरिनबाईंकडे गेले. वाटेत ओढ्यात बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस दिसला, तासभर तिथेच!

डॉरिनबाई फाटकात उभ्या. "अकराला येणार होतीस." आधी माझे बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावले. खुरं सडायचा रोग म्हणे पाहुण्यांच्या बुटांतूनच येतो.

म्हटलं, एकच द्या.

"एकटी मेंढी ओरडून जीव देईल. दोन घे, नाहीतर चालू लाग."

मी तर एकटीच राहते, म्हटलं.

"दिसतंय ते," म्हणाल्या.

मग मेंढीला ढुंगणावर बसवून खुरं कशी बघायची ते शिकवलं. मेंढी उभीच, मी लेंड्यांत! बाई डोळे पुसत हसल्या. मेंढीचं नाव पफिन. तिची जोडीदार बटन. मला याच दोघी हव्यात.

१९ एप्रिल
मी बागेला घातलेलं कुंपण बघायला बाई आल्या. जाळीच्या खालच्या कडेला लाथ घातली, जाळी उचलली गेली. "कुत्रं शिरेल इथून. कर परत."

केली. मध्ये अळंबी सापडली, तीही खाल्ली लोण्यात परतून.

२४ एप्रिल
सरकारकडून जागेचा नंबर आला. त्याशिवाय एक मेंढीसुद्धा आणता येत नाही. चोवीस वर्षांची झाले आणि माझा पहिला धड पत्ता – तोही मेंढ्यांमुळे!

पण मेंढ्या देताना बाई स्वतःचाही एक कागद भरून घेतातच. त्यावर दुसरं नाव लागतं. "तुझ्यासारख्या पुष्कळ पोरी बघितल्यात मी. तू उडालीस की यांना कोण बघणार? लिही."

माझं कोण आहे? मेरिनचं लिहिलं, फोन नंबरासकट. न विचारता. थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणात मदतीला गेले होते. बाळ आठ दिवसांचं असताना पहाटे निघून आले. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. तेव्हापासून बोलणं नाही.

आणि तिचंच नाव लिहिलं! कागद पटकन बाईंकडे सरकवला.

२७ एप्रिल
आल्या!! व्हॅनमध्ये मागे, माझ्या गादीवर. बटननं उशी खाल्ली.

३० एप्रिल
आज कुठेच जावंसं वाटलं नाही. काय झालंय मला!

२ मे
डॉरिनबाईंचा फोन. "तुझ्या बहिणीशी बोलले. नावं तपासते मी, सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं!

"काय म्हणाली?"

"विचारलं, केवढ्या आहेत मेंढ्या."

"तुम्ही मेंढ्या परत नेणार?"

"ती हो म्हणाली तर कशाला नेऊ?"

"म्हणाली का?"

"कळवते म्हणाली."

फोन ठेवला आणि व्हॅनची किल्ली घेतली. सवयच आहे ती. पफिन चाकाला अंग घासत होती, हटेना. किल्ली खुंटीवर टांगली. खुरं बघितली दोघींची. या वेळी मेंढी बसली, मी उभी.

४ मे
आत्ताच फाटकाशी गाडी थांबलीय. मेरिन. केस कापलेत तिनं. मी फाटकाशी ठेवलेल्या औषधाच्या बादलीत बूट बुडवतेय – म्हणजे बाईंनी तेही सांगितलंय! "माझ्या नावावर मेंढ्या आहेत म्हणे," एवढंच बोलली. मागच्या दारातून एक मुलगी उतरलीय, पुढचे दोन दात पडलेली. विचारतेय, पळून गेलेली मावशी ती हीच का.