अ‍ॅड प्लस सव्वा

३ फेब्रुवारी
शेठ गॅरेजची दुसरी शाखा काढताहेत. सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, लवकरच शाखेचा ग्रुप करतो, सगळ्यांना अ‍ॅड करतो, इन्चार्ज कोण ते तिथेच कळेल. बोलताना माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे भिंत होती. म्हणजे माझ्याकडेच.
सर्वांत जुना इलेक्ट्रिशियन मी. दुसरा उमेदवार चष्मिस. काम बरं करतो, पण वाकला की चष्मा नाकावरून घसरतो. असा इन्चार्ज शोभेल का?
संकल्प: उद्यापासून इस्त्रीचा शर्ट. कुणावर ओरडायचं नाही.

४ फेब्रुवारी
शर्टवर ग्रीस. घरी येऊन बायकोवर ओरडलो. संकल्प उद्यापासून.

६ फेब्रुवारी
ड्रॉवर आवरताना मेहुण्याने दिलेला कागद सापडला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मला बळंच खुर्चीत बसवून डोळे तपासले होते. कागदावर काय आहे ते पाठ आहे: लांबचं ठीक, जवळच्यासाठी अ‍ॅड प्लस सव्वा. भावोजी, एवढी भर घालावीच लागेल, म्हणाला. दुकानदार दुसरं काय म्हणणार! बॅटरीत पाणी अ‍ॅड करतात ते कमी झालं म्हणून. माझ्यात काय कमी झालंय?
कागदाची घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. टेबल स्थिर झालं. नंबर टेबलाला होता.

९ फेब्रुवारी
फ्यूजवरचे आकडे हल्ली फारच बारीक छापतात. शाई वाचवत असतील. हात लांब करून पाहिला. आणखी थोडा लांब असता तर दिसलं असतं. चष्मिसला म्हटलं, वाच रे, तुझी परीक्षा. पंधरा, म्हणाला. शाबास म्हटलं. दिवसभर परीक्षा घेत होतो. इन्चार्जने माणसं घडवली पाहिजेत.

१० फेब्रुवारी, सकाळ
ही म्हणते, पेपर वाचता वाचता तुम्ही मागे सरकत भिंतीला टेकलात, आता काय भिंत पाडायची? माझा चष्मा लावा, म्हणाली. बायकोचा चष्मा! उठून दुसऱ्या खोलीत गेलो. तिथे उजेड कमी. परत आलो.
संध्याकाळ. सारखा फोन उघडतो, बंद करतो. ग्रुप नाही. बसवत नाही. फेऱ्या मारल्या. खालच्या मजल्यावरचे विचारून गेले, काही हरवलंय का?

१३ फेब्रुवारी
शेठच्या स्वतःच्या गाडीची बॅटरी बदलायची होती. मला सांगितलं. यापेक्षा स्पष्ट खूण काय असते?
दुपारी. बॅटरीवर काळ्या प्लास्टिकमध्ये काळाच प्लस. वायरी दोन्ही ग्रीसने काळ्या. पण मी चिन्हं बघत बसणारा नव्हे. या गाडीचा प्लस डावीकडे, हे हाताला ठाऊक. या नव्या बॅटरीच्या कंपनीने तो उजवीकडे ठेवलाय. ठिणगी, धूर, मेन फ्यूज गेला, जोडीला आणखी काही. कंपनीची तक्रारच केली पाहिजे. चष्मिस वाकला, चष्मा सावरला आणि म्हणाला, दादा, प्लस इथे आहे की. हो, आता धूर निघाल्यावर कुणालाही दिसेल!
शेठ एवढंच म्हणाले, असू दे. दुसऱ्या कुणाला झाडलं असतं. माझ्यावर किती विश्वास!

१४ फेब्रुवारी
चष्मिसने दिवसभर खपून गाडी चालू केली. मी टॉर्च धरला. देखरेख महत्त्वाची.

१७ फेब्रुवारी, दुपार
अ‍ॅड झालो! फोन वाजला, ग्रुप आला. अक्षरं मुंग्यांसारखी, पण ‘अभिनंदन’ आकारावरून ओळखतो. एकाखाली एक, नुसती अभिनंदनं. टाइप करत बसलो नाही. आवाजातच निरोप पाठवला: सर्वांचे आभार, ही जबाबदारी माझ्या अनुभवाला साजेशीच आहे, चष्मिसलाही सांभाळून घेईन.
गॅरेजभर मिठाई वाटली. चष्मिसने तुकडा घेतला आणि हळूच विचारलं, दादा, मेसेज वाचलात ना? वाचला, म्हटलं. शेठ मिठाई हातात धरून बाहेर बघत राहिले. भरून आलं असणार.
रात्री हिला सांगितलं. हिने डोळे पुसले, मग चष्मा चढवून म्हणाली, बघू, दाखवा. उद्या दाखवतो म्हटलं. घाई कसली?

१८ फेब्रुवारी
ही आंघोळीला गेली तेव्हा तिचा चष्मा लावला. सहज.
पहिला मेसेज शेठचा. नव्या शाखेचा इन्चार्ज, आणि पुढे चष्मिसचं नाव. नाव पूर्ण लिहिलंय, चांगलं आहे. खालची सगळी अभिनंदनं त्याला. सर्वांत खाली माझा आवाज. त्यानंतर कुणी काहीच बोललेलं नाही. फक्त चष्मिसने आवाजाखाली जोडलेले हात टाकलेत.
ही बाहेर आली. मी चष्मा काढायला विसरलो होतो. म्हणाली, तो तुम्हाला बरा दिसतो.
गॅरेजात चष्मिस म्हणाला, दादा, मिठाई छान होती.
संध्याकाळी मेहुण्याकडे गेलो. बराच वेळ भिंगं बदलत होता. भावोजी, आता दिसतं? आता? हसला नाही, तेच लागलं. कागदावर लिहून दिलं: अ‍ॅड प्लस दोन.
सव्वावरून दोनवर. बढती झाली.