बाबांना आवडलेलं गाणं

प्रिय कुशल,

सरगूरला दुकान टाकलंस ते कळलं. शाळेचे युनिफॉर्म शिवतोस म्हणे! ड्रम फोडणारा माणूस खिसे जोडतोय याचं आधी हसू आलं, मग हेवा वाटला. आपल्या पंक बँडला मोठी रेकॉर्ड कंपनी मिळाली तेव्हा तू एकटाच नको म्हणून निघून गेलास. तुला निदान कुठेही बसून बोंबलायची मोकळीक आहे. मी परवा एकादशीला विठोबाच्या देवळात भजनाला गेले आणि नुसत्या टाळ्या वाजवून परत आले. तीन वर्षं कंपनीच्या परवानगीवाचून कुठेही गायचं नाही, असं मी लिहून दिलंय.

अल्बमचं विचारशील. झाला. बाबांच्या शिवणकामाच्या दुकानात शटर ओढून आपण सगळे एकदम वाजवायचो. तुझा वेग वाढला की आम्ही मागे धावायचो. मुंबईत प्रत्येकाला वेगळ्या काचेच्या खोलीत बसवलं आणि कानात तालाची टकटक लावली. माझे उच्चार सुधारायला पुण्याच्या एक बाई होत्या. तुझ्या गाण्यातलं 'साकु' म्हणजे काय, त्यांनी विचारलं. पोट भरल्यावर आम्ही घरी म्हणतो ते, असं मी सांगितलं. कानडी शब्द काढा म्हणाल्या. आता तिथे 'पुरे' आहे, आणि तेही मी ओरडत नाही, म्हणते.

घरी आल्यावर बाबांना ते गाणं ऐकवलं. आपण सुरू केलं की ते कात्री आपटून 'निल्सु रे, बंद करा ते, बीदीतली शेजारची माणसं मारायला येतील!' म्हणायचे ना? या वेळी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, 'चेन्नाग आहे गं चैत्रा, देवळात लावूया की.' कुशल, मी मोरीत जाऊन रडले.

आता पत्र कशासाठी ते सांगते. ते गाणं तुझं आहे, आणि तुझ्या सहीशिवाय अल्बम बाहेर काढता येत नाही. दिवाळीपर्यंत तो आला नाही तर माझा करार आपोआप मोडतो. कंपनीची धावपळ चाललीय. जुन्या मैत्रिणीच्या नात्याने तुला एक गोड पत्र लिही, असं मला सांगितलंय. लिहिलं. सोमवारी त्यांचा माणूस येईल. स्वभावाने चांगला आहे. त्याला पोटभर जेवू घाल, धरण दाखव, संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दे. सही मात्र करू नकोस.

तुझीच, सध्या कंपनीची,
चैत्रा